सातचं तुटकं शेपूट

५ मार्च
नोकरी मिळाली! गोदाम ऐसपैस आहे, खिडकीतून ऊनही छान येतं. छतापर्यंत खोकी आहेत. सगळी सैन्याची तयार जेवणं, मुदत संपली म्हणून लिलावात निघालेली. काम सोपं. पाकिटावरची तारीख थिनरने पुसायची आणि दोन वर्षं पुढची मारायची. मालक म्हणाले, अन्न कुठे नासतं, नासते ती तारीख. शेजारच्या टेबलावरच्या मावशी हसल्या. मीही हसले. शिक्क्यातल्या सातचं शेपूट तुटलेलं आहे ना, ते पाहून.

८ मार्च
दादाच्या सामानातून परत आलेल्या पाकिटावर हाच सात आहे. हा माणूस पुसलेला माल फिरून सैन्यालाच विकतो. बर्फातल्या चौकीवर दादा आणि आणखी तिघं ते खाऊन तडफडून गेले. चौकशीत तारीख ठीक निघाली, दोष पाण्यावर ढकलला. मी याला सोडणार नाही. हात मात्र झरझर चालतो माझा. मावशी म्हणतात, जन्मभर हेच करत आलीस की काय गं. आज चारशे पुसली.

१२ मार्च
गिऱ्हाइकासमोर मालक स्वतः एक पाकीट फोडून खातात, म्हणजे विश्वास बसतो. ते त्यांच्या खणातलं, ताजं असतं. आज तिथे दादाच्या खेपेतलं उरलेलं एक, तारीख पुसून, नवी मारून सरकवलं. चाटूनपुसून खाल्लं मेल्याने! मीही घरी येऊन पोटभर जेवले. मी शिक्के मारलेली खोकी दुसऱ्या एका चौकीवर रवाना झाली. त्याचं बघू मग.

१४ मार्च
मालक ठणठणीत. पण मानेवर जांभळ्या शाईत १७ मार्च उमटलाय. सातचं शेपूट तुटकं. कातडी सोलेपर्यंत थिनरने घासलं त्यांनी. जात नाही.

१७ मार्च
गेले. खुर्चीतच. पोट टम्म फुगलेलं, नासलेल्या पाकिटासारखं. दादा, झालं तुझं काम.

२१ मार्च
मावशींच्या मनगटावर आजची तारीख. त्यांनी तर खाल्लं नव्हतं! रडत म्हणाल्या, पुसत तर आपणच होतो ना गं. दुपारी —

२६ मार्च
माझ्या तळहातावर २७. दादा, मी तुझ्यासाठीच आले होते रे! चौकीवर फोन लावला. कुणी उचलत नाही. ती खोकी माझ्याच हाताने —

२७ मार्च
थिनर संपलं. शिक्का आणलाय. दोन वर्षं पुढची तारीख मारली. वाळली. टिकली! पोट जरा — नाही, टिकली. फक्त शाईखालून जुनी वर ये