सुकू, दार कुणी उघडलं?

प्रिय सुकू,

उद्या कोल्हापूरला चौकशी समितीपुढं माझा जबाब आहे. सकाळच्या गाडीनं निघायचंय. म्हणून आज मिरची कांडपाला कुलूप घातलं, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि तुला लिहायला बसले. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ रे! जिवंत होतास तेव्हा हाकेच्या अंतरावर राहत होतास. अक्कानं हाक मारली की पायात चप्पल न घालता पळत यायचास.

आता हाक मारून उपयोग नाही, आणि विचारायचं तर तुलाच आहे. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास राहिलेला नाही बघ.

नगरपालिकेची कचेरी जळाली आणि तू गेलास, त्याला एक पावसाळा उलटला. गावात अजून एकच भांडण चालू आहे, हे केलं कुणी? सत्तेतले म्हणतात, विरोधकांनी बाहेरची पोरं आणून सरकारी कचेरीवर हल्ला केला. विरोधक म्हणतात, सत्तेतल्यांनीच आपली पापं जाळून घेतली आणि नाव आमच्यावर घातलं. एकाची सभा झाली की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. आणि दोघांच्याही डिजिटल फलकावर तुझा फोटो! तुझ्या वैशालीच्या भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. शेजारी उभा असलेला नवरदेवाचा मामा कापून काढलाय, त्याची बोटं तेवढी तुझ्या खांद्यावर राहिलीत. एका फलकावर तू 'हुतात्मा', दुसऱ्यावर 'षड्‌यंत्राचा बळी'. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू येत नाही. हा फोटो त्यांना दिला कुणी, याचाच मी अजून शोध घेते आहे.

माझ्याकडं दोघंही येऊन गेले. त्या दिवशीच्या मोर्चात मी पुढच्या रांगेत होते, हे गावाला ठाऊक आहे. भाऊ कचेरीत आणि बहीण मोर्चात! असा साक्षीदार त्यांना शोधून सापडला नसता.

पहिल्यांदा पांढऱ्या गाडीतले आले, सत्तेतले. जोतिबाला जाऊन आलो, म्हणाले. हातात खोबऱ्याचा प्रसाद, कपाळावर गुलाल. बसले, पाणी प्याले, तुझ्या फोटोला हात जोडले. मग हळूच, "अक्का, तोंडाला रुमाल बांधलेली पोरं तिकडची हुती, एवढंच म्हणायचं. तुमी म्हटलं की गाव ऐकतंय."

दोन दिवसांनी दुसरे आले, जीपमधनं. त्यांनी प्रसाद आणला नाही, डोळ्यांत पाणी आणलं. "अक्का, बाजूचं दार आतनं उघडलं. वरनं हुकूम आल्याबिगार आतनं दार उघडतंय व्हय? एवढंच सांगा की."

दोघांचंही 'एवढंच'! आणि सुकू, दोघंही जाताना वळून माझ्या तोंडाकडं बघत होते. हिला काय ठाऊक आहे, किती ठाऊक आहे, ते मापत होते. मी पण त्यांना मापलं. मिरची नाकाजवळ धरली की जुनी का नवी ते मला कळतं, माणसाचं तसं कळत नाही, एवढंच माझं दुखणं.

तेव्हापासून मी सगळ्यांकडं वाकड्या नजरेनं बघते. कांडपावर बाई येते, मिरची ओतते आणि मशीन चालू व्हायच्या आत विचारते, "अक्का, तुमी म्होरं हुतासा न्हवं? कुणी उघडलं वो दार?" वर्षाची चटणी करून झालेल्या बायका परत थोडीशी मिरची घेऊन येतात. मला कळत नाही असं वाटतं व्हय त्यांना? कचेरीतले कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद कसे? पोलीस व्हॅन नेमकी चहाला कशी गेली? मोर्चातल्या सगळ्या बायकांनी पोलिसांना "धक्काबुक्कीत काय दिसलं न्हाई" असं एका सुरात कसं सांगितलं? मी तेव्हा बोलायच्या स्थितीत नव्हते. पण त्यांना दिसलं होतं, सुकू. दोघी-तिघींना तरी नक्की दिसलं होतं.

कारण मला दिसलं.

दार तू उघडलंस.

आपल्या गावातला मोर्चा म्हणजे काय, हे त्या समितीतल्या साहेबांना कसं समजावू मी? चौकातनं घोषणा देत यायचं, फाटकासमोर ठिय्या मारायचा, नगराध्यक्षापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. मग पाच जणांनी आत जायचं, निवेदन द्यायचं, तू त्यावर आवकचा शिक्का मारायचास, फोटो निघायचा. आणि मग चहा! सरकारला शिव्या घालून घसा सुकलेल्यांना सरकारी कचेरीतनं चहा. तूच बाळू हॉटेलवाल्याला सांगायचास. "पावणं, शिव्या झाल्या न्हवं? आता चा घ्या," असं म्हणून कप हातात द्यायचास. पाणीपट्टीचा मोर्चा असो, रस्त्याचा असो, कुणीही काढलेला असो. "आपलीच माणसं हाईत की अक्का," हे तुझं ठरलेलं उत्तर.

या वेळचा मोर्चा तर आपल्या गल्लीचाच होता. पूररेषेतली घरं पाडायच्या नोटिसा आल्या होत्या आणि माझ्याही दाराला एक डकवली होती. सकाळी तू आलास तेव्हा मी तुला काय काय बोलले! "तुझी कचेरी आमच्या डोस्क्यावरचं छप्पर काढणार, आन् तू तिथं बसून शिक्के मार." तू हसलास. "ये की मोर्चाला. तुझ्या निवेदनावर शिक्का मीच मारणार हाय." तेवढ्यात तुझा फोन वाजला. तू माझ्यासमोर बोलला नाहीस. अंगणात गेलास, पाठ करून बोललास, आणि "येतो" म्हणून तसाच गेलास.

तो फोन, सुकू! त्या फोननं मला किती छळलंय, तुला काय सांगू?

दुपारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. पुढचं फाटक बंद, त्यावर किरण कांबळे उभा, ठेकेदाराचा वॉचमन. बाया डोक्यावर पदर घेऊन घोषणा देत होत्या. एक म्हातारी मटकन खाली बसली. तू वरच्या गॅलरीतनं बघितलंस, खाली आलास, किरणकडं हात केलास. त्यानं खिशातनं चावी काढून दिली आणि तू बाजूचं लोखंडी दार उघडलंस. "अक्का, उन्हात कशाला थांबलीयास? बायकांस्नी घेऊन आत ये." तुझे शेवटचे शब्द हेच. मला उद्देशून.

आम्ही आत पाऊल टाकायच्या आधीच मागनं रेटा आला. रुमालवाली पोरं आमच्यामधनं घुसली. आपल्या गावची नव्हती, का होती? डोळेच दिसत होते. बाटल्या होत्या त्यांच्या हातात. पुढचं सगळं आवाजातच आठवतं. तू वर पळालास, आवक-जावकच्या खोलीत दोन पोरी अडकल्या होत्या म्हणून. त्या खाली आल्या. तू आला नाहीस.

कशाला गेलास रे परत? असं कोण जातं?

आता गेल्या आठवड्यात पोलिसांनी किरणला धरून नेलं. चावी त्याच्याकडं होती म्हणून. सत्तेतले म्हणाले, बघा, विरोधकांनी वॉचमन फोडला होता. विरोधक म्हणाले, बघा, वॉचमनला साहेबाचा हुकूम होता. एका गोष्टीवर म्हणून यांचं कधी एकमत होत नाही, ते किरणवर झालं! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नेताना तो बिचारा ओरडून सांगत होता, सुकुमारसाहेबांनी चावी मागितली, मी दिली. तर लोक त्यालाच मारायला उठले, हुतात्म्याच्या नावावर ढकलतोस म्हणून. चौकात त्याच्या आईला भाजी घेऊ देईनात.

ती माझ्याकडं आली. मिरची न घेता आली. उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, तुमी म्होरं हुतासा. माझ्या पोरानं दार उघडलं आसंल तर तसं सांगा. मी गप घरला जाते." मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं पाण्याला हात लावला नाही. थोडा वेळ थांबली आणि गेली.

मी गप्प का बसले, ऐकायचंय? मला तुझा संशय आला होता.

हो, तुझाच! तो फोन कुणाचा होता? कुणी तुला सांगितलं होतं का, अमुक वेळेला बाजूचं दार उघड म्हणून? भोळा तर तू आहेसच, पण कुणाच्या उपकारात अडकला होतास का? रात्ररात्र हाच विचार. तुझा मोबाइल आगीत गेला, विचारायचं कुणाला? वैशालीला विचारलं तर ती बिथरली. तिच्या घरात पांढऱ्या गाडीतल्यांना चहा मिळताना मी बघितलं होतं, म्हणून मी तिच्यावरही संशय घेतला. तोंडावर बोलले. ती रडली नाही, उलट माझ्यावरच फणकारली, "वन्सं, ते गेले. त्यांना आता कोण काय करणार हाय? पण तुमी दाराचं बोललासा तर उद्या कॉलेजात श्रुतीला विचारतील, तुझ्या बापानंच दार उघडलं न्हवं? काय सांगायचं तिनं?"

तिचं चुकतंय असं मी कसं म्हणू? बापाचा फोटो चौकाचौकात लागलाय म्हणून तर ती पोरगी उभी आहे.

मग काल मी बाळूच्या हॉटेलात गेले. नुसती बसले. तो कप पुसत राहिला, माझ्याकडं बघेना. म्हटलं, याला काहीतरी ठाऊक आहे. "बाळू, त्या दिवशी सुकूनं चहा सांगितलेला का रे?" तर त्यानं कप खाली ठेवला. गिऱ्हाइकाकडं पाठ केली आणि कुजबुजला, "अक्का, सकाळी मीच फोन केलता त्यांस्नी. मोर्चाला दूध किती ठेवू म्हणून. तुमच्या घरातच हुते ते. म्हणाले, हळू बोल, अक्का हितंच हाय, आधीच तापलीया. बायका लई येणार हाईत, साखर जास्त टाक, आन् बाजूच्या दारानं आत घेतो, सावलीत बसतील."

"मग आजवर बोलला का न्हाईस मुडद्या?"

"माझंबी नाव घेतील की! म्हणतील, हल्ल्याला आलेल्यांस्नी चा कोण पाजणार हुता?"

मी तिथंच हुंदका देऊन रडले. गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे. खोटं कशाला सांगू, घरी येताना बाळूवरही संशय घेऊन झाला. कुणी शिकवून बोलायला लावलं असेल का? पण "आधीच तापलीया" हे दुसरं कोण म्हणणार? ते तुझंच बोलणं. कुणी शिकवून यायचं नाही ते.

तुझ्यावर संशय घेतला, मला माफ कर. पण तुझंही चुकलंच, सुकू. जग बदललं, मोर्चे बदलले, चौकात न ओळखणारी पोरं दिसायला लागली होती, तरी तू आपलं "आपलीच माणसं" धरून बसलास. कुलूप काढायच्या आधी माझ्या पाठीमागं कोण उभं आहे ते एकदा बघायचं होतंस. मी बघितलं नाही, तूही नाही.

नोटिशीचं काय झालं म्हणशील तर ती अजून माझ्या दारावरच आहे. कुठल्याच सभेत तिचं कुणी नाव काढत नाही.

उद्या कोल्हापूरला न्यायला दोघांनीही गाडी देऊ केलीय. मी एस्टीनं जाणार आहे. वैशालीनं सांगून ठेवलंय, "तिथं गेलासा तर परत माझ्या दारात येऊ नका." स्टँडला जायचा रस्ता तिच्या दारावरनंच आहे. खिडकीत उभी राहील ती, मला ठाऊक आहे. मी मान खाली घालणार नाही, पण थांबणारही नाही. आज ना उद्या श्रुतीला जवळ बसवून तुझं सगळं सांगेन, ती ऐकेल तेव्हा.

रुमालवाले कुणाचे, हे मला ठाऊक नाही, तसंच सांगेन. अंदाज विचारला तर दोघांचीही नावं घेईन, बसू देत भांडत. पण किरण पुढच्या फाटकावर होता आणि त्यानं दाराला हातही लावला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

परवापासून हीच माणसं तुझे फोटो उतरवतील. तुला फितूर म्हणतील, माझ्याच कांडपात बसून म्हणतील. मी ऐकून घेईन, मिरची दळून देईन. तू नेहमी मला सांगायचास, "अक्का, दुसऱ्याच्या भानगडीत तू मधी पडू नको." तुझं एवढं एक ऐकत नाही बघ. आज संध्याकाळी किरणच्या आईच्या घरी जाऊन आले. या वेळी तिनं माझ्या हातनं पाणी घेतलं. तिला शब्द दिलाय, तोच तुलाही देते. उद्या साहेब विचारतील, दार कुणी उघडलं, तेव्हा मी मोठ्यानं सांगणार, सुकुमारनं. माझ्या भावानं. मला उन्हातनं आत घ्यायला.

तुझी,
अक्का