मणलूरचा झरा

३ फेब्रुवारी १९५९, तंजावूर
शाळेतून आले तर घरभर धूर. आईनं दूध चुलीवर ठेवलं आणि विसरली. ओसरीवर बसून मलाच विचारते — कोण पाहिजे? मी ओरडले. मग तिला जेवू घालताना बोलत राहिले, ती ऐकते की नाही हे न बघता. मद्रासला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलंय. जूनपासून. थोरले भाऊ हनुमंतअण्णा तिरुचीहून येऊन गेले, आईला ठेवून घ्याल का म्हणून त्यांना विचारलं होतं. "आमच्याकडे जागा कुठे, कमलाक्षी? तू तर एकटीच आहेस." एकटी!

ही मराठी अक्षरं घरात आता माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. म्हणून लिहिते — आई ओझं झाली आहे.

५ फेब्रुवारी
आई आज अगदी भानावर. तमिळ तै महिन्यातल्या अमावास्येला समुद्रस्नान करायचं म्हणते, आणि मणलूरचा झरा पाहायचा. लहानपणी तिच्या आईनं नेलं होतं. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोड. राजांच्या वेळच्या दगडी पायऱ्या. "एकदा ने ग. मग काही मागणार नाही." हो म्हटलं.

७ फेब्रुवारी, नागपट्टणम्, धर्मशाळेत
रात्र बरीच झाली. तरी लिहिते.

सकाळी स्नान झालं. तिथून बैलगाडीनं मणलूर. सुरूच्या बनाच्या कडेला झरा — तळाची वाळू उकळल्यासारखी हलते आणि पाणी मात्र गार. ओंजळीनं आईला पाजलं. "तसंच आहे," म्हणाली. किती दिवसांनी हसली. सावलीत बसवलं, दहीभाताचा डबा जवळ ठेवला. "मी समुद्र बघून येते. इथून हलू नकोस." तिनं मान हलवली.

वाळूत चालत सुटले. वारा. कुणी हाक मारत नव्हतं, काही जळत नव्हतं. पाण्यात उभी राहिले आणि मनात आलं — परत गेलेच नाही तर? गाडीवान आहे, झऱ्याजवळच्या देवळाची माणसं आहेत, कुणीतरी बघेल तिचं. हे नुसतं येऊन गेलं नाही. मी ते धरून ठेवलं. मद्रासची खोलीसुद्धा मनात लावून झाली, खिडकीपाशी टेबल.

परत आले तर पायऱ्या रिकाम्या. डबा तसाच, न उघडलेला.

घागरी भरणाऱ्या बायकांना विचारलं. पाहिली नाही म्हणाल्या. आणि — इथं तरी खरं लिहावं — घाबरायच्या आधी एकदम हलकं वाटलं. एवढंसंच. पण वाटलं.

मग मात्र वेड्यासारखी धावले. बनात, खाडीकडे, पुन्हा झऱ्याशी. "आई, ए आई" — घसा बसला. ऊन उतरायला लागलं तेव्हा किनाऱ्यावरून एका कोळिणीनं हात केला. वाळूवर उपड्या घातलेल्या होडीच्या आडोशाला आई बसली होती, पदर तोंडाशी धरून. "इथेच तर आहे तुमची अम्मा," कोळीण तमिळमध्ये म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला असं एकटं सोडतात का, बाई?"

मी आईच्या पदरावरची वाळू झटकली.

८ फेब्रुवारी
गाडीत आईनं विचारलं — समुद्रस्नानाला केव्हा जायचं? काही आठवत नाही तिला. बरं झालं. नाही, बरं कसलं.

११ फेब्रुवारी, तंजावूर
मद्रासला जमणार नाही, असं शाळेच्या मोठ्या बाईंना सांगून आले. "नीट विचार केलास ना?" म्हणाल्या. केला म्हटलं. शेजारच्या अलमेलुमामी कौतुक करत होत्या, आईला समुद्रावर नेऊन आणलंस, अशी लेक कुणाला मिळते. मला तिथं उभं राहवेना. आत येऊन उगाच तांदूळ निवडत बसले.

१४ फेब्रुवारी
आता ओरडत नाही. मऊ भात कालवून भरवते. तिनं माझ्याकडे पाहिलं की नजर खाली जाते.

१९ फेब्रुवारी
आईच्या पायांना तेल चोळत होते. अगदी सहज म्हणाली, "मद्रासला केव्हा निघायचं तुला?"

जायचं नाही म्हटलं. तिनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या हाका ऐकू येत होत्या मला. मुद्दाम ओ दिली नाही. म्हटलं, दमेल आणि जाईल आपली. तू हाका मारतच राहिलीस."