काळ्या करकोच्यांची जोडी

उस्मानाबाद, ८ जानेवारी १९४४

चि. विरुपाक्ष यास अ. उ. आ.

काल शुक्रवारी, ७ जानेवारीला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुझ्या साहेबांनी सरकारी बागेमागच्या तलावावर बंदूक झाडली आणि काळा करकोचा पाडला. हा पक्षी इकडे क्वचितच येतो. दोन हिवाळे रोज पहाटे बाग आणि तलाव धुंडाळले, तेव्हा कुठं मला जोडी दिसली. जागा मी फक्त तुला, सख्ख्या भाच्याला, कळवली होती. साहेब आपणहून तिथं पोचले असतील, तर त्यांना दिव्यदृष्टी आहे.

वर चपराशी तो मेलेला पक्षी टोपलीत घालून, तुझी चिठ्ठी घेऊन दारात हजर. लिंगायताच्या सोप्यावर! स्वयंपाक टाकून मल्लम्मा अजून सारवते आहे आणि मधूनमधून कानडीत तुझा उद्धार करते आहे. मी शाळेत इतक्या मुली वळणावर आणल्या, घरचा मुलगा तेवढा राहून गेला. खुलासा कर.

प्रेमाआत्या

भूम, १० जानेवारी

ती. प्रेमाआत्या यांना शि. सा. न. वि. वि.

जागा मीच सांगितली. हैदराबादच्या पक्षीवाल्या मंडळींनी जोडी दिसल्याचं तुमचं पत्र हसण्यावारी नेलं, पक्षी दाखवा म्हणाले, असं तुम्हीच लिहिलं होतं. लहानपणी तुम्ही कॉन्व्हेंटातल्या काचेच्या कपाटाविषयी सांगायचात. त्यातले पेंढा भरलेले पक्षी पुसायचं काम सिस्टर फक्त तुम्हाला द्यायच्या. वाटलं, तुमचाही पक्षी पेंढा भरून हैदराबादला पाठवता येईल, हसणारे गप्प बसतील. आपल्या घरात बंदूक कोण धरणार, म्हणून साहेबांना गळ घातली. तुमची सून गंगम्मा म्हणते, आत्यांना आधी विचारलं असतं तर जीभ झडली असती का.

आता साहेबांना दुसरा पक्षी स्वतःच्या दिवाणखान्यासाठी हवा आहे. येत्या शुक्रवारी, निजामी कचेऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, पुन्हा येणार आहेत. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच मेजावर आहे. नको म्हणायची हिंमत होत नाही. रागवा, पण पत्र टाकणं सोडू नका.

तुमचा,
विरुपाक्ष

उस्मानाबाद, ११ जानेवारी

चि. विरुपाक्ष यास अ. उ. आ.

हे पत्र भूमच्या मोटारवाल्याकडे देते आहे, टपालाला उशीर होईल.

पक्षी हैदराबादला पाठवला नाही. परसात पुरला. ते कपाट मी वर्षानुवर्षं पुसलं. म्हणूनच एक तरी जिवंत पाहायचा होता, एवढं तुला कळायला हवं होतं. गंगम्माला कळलं.

उरलेला पक्षी गेलेला नाही. जोडीदार पडला त्याच उथळ पाण्यात दिवसभर उभा असतो. माणसं जवळ गेली तरी फारसा हलत नाही, म्हणजे साहेबांना नेमही नीट धरावा लागणार नाही.

शुक्रवारी उजाडायच्या आत मी त्याच्या आणि काठाच्या मधे, घोटाभर पाण्यात, शाळेतली खुर्ची टाकून बसणार आहे. मल्लम्मा छत्री धरणार आहे. साहेबांना एवढंच सांग की मधे जी म्हातारी दिसेल ती तुझी आत्या आहे, आणि ती उठणार नाही. मग बढतीचं त्यांना काय करायचं ते करू देत.

सांगितलंस की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोंडी निरोप चालणार नाही. लोभ आहेच, तो तू वाढवायचा की नाही ते ठरव.

प्रेमाआत्या