अलिमोनीवरची रिकामी थडगी

९ सप्टेंबर, पिरेअस

सकाळी दहाला ‘गालीनी’ यॉटवर चढले आणि खोली बघून एकटीच हसले. बावन्नाव्या वर्षी मला, पोलिक्सेनीबाईंना, समुद्राकडे उघडणारी खिडकी मिळाली. पंचवीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात फुटकी थडगी जोडत बसले, तिथे खिडकी नव्हती. समुद्रात बुडालेल्यांच्या थडग्यांवरचे लेख हा माझा विषय. त्याची जगाला गरज नाही असं ठरल्यावर मी या यॉटवरच्या नोकरीला हो म्हटलं. बारा दिवस बेटं, पडकी देवळं, आणि ती बघायला निघालेल्या तीन माणसांना ती काय आहेत ते सांगायचं. बस.

स्वयंपाकीण सेवास्तीने कॉफी दिली आणि कानात सांगितलं, की यांना खरं फार सांगू नका, झोप येते त्यांना.

मालक व्रेत्तोस थेस्सालोनिकीचा सिमेंटवाला. स्वतःच्या मालकीच्या यॉटवर त्याला बंदरातच मळमळलं. बायको एर्सी सॅलडच्या पानांवर जगते. टेबलावर पाव आला की तोंड फिरवते. तिचा भाऊ लुकास चाळिशीचा आहे, काहीही करत नाही, आणि ते करताना अखंड बोलत असतो. त्याने बघताक्षणी माझं नाव ‘मास्तरीणबाई’ ठेवलं. मीही त्यांना मनात नावं ठेवली आहेत, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

११ सप्टेंबर, डिलोस

व्रेत्तोसने एका खांबावर टकटक केलं आणि म्हणाला, माझं सिमेंट असतं तर हे छप्पर अजून उभं असतं. एर्सीने विचारलं, सावली कुठे आहे; जणू जुन्या लोकांनी मुद्दाम तिच्यावर डूख धरून झाडं लावली नाहीत. मी दहा मिनिटं प्रामाणिकपणे बोलले. लुकासने हात वर केला: “मास्तरीणबाई, यातलं परीक्षेला काय येणार?”

मग मी खरं सांगणं सोडलं. कोरड्या टाक्याकडे बोट दाखवून म्हटलं, इथे एक राणी शेळीच्या दुधात अंघोळ करायची. तिघांचेही चेहरे खुलले. एर्सीने राणीचं वय विचारलं. ऐंशी, मी म्हटलं, पण दिसायची तिशीची.

इतकी मजा मला तळघरात कधी आली नव्हती.

१४ सप्टेंबर, अलिमोनी

आज सकाळी व्रेत्तोसला नकाशावर एक ठिपका दिसला आणि तिथेच जायचं असा हट्ट त्याने धरला. कप्तान मानूसोस कालिम्नोस बेटाचा, तीन पिढ्या समुद्रात बुड्या मारून स्पंज काढणारं घराणं. तो म्हणाला, “अलिमोनीवर आम्ही उतरत नाही. का ते मला विचारू नका, बापाने मला सांगितलं नाही. नुसता वळसा घालायचा.” मी विचारलं, इंजिन कसं चालवायचं ते तरी बापाने सांगितलं का? लुकास मोठ्याने हसला. माझ्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हसला, आणि मला ते आवडलं, हे लिहून ठेवते.

होडीने उतरलो. मानूसोस वाळूला पाय न लावता होडीतच बसून राहिला. बेट म्हणजे एक उघडा खडक. वर सपाटीवर माणसाच्या मापाचे तीन खड्डे कोरलेले, प्रत्येकाशेजारी एक शिळा. शिळांवरचा लेख स्पष्ट होता. असला लेख सापडावा म्हणून मी अर्धं आयुष्य घालवलं आहे: मी रिकामं आहे. माझा माणूस समुद्रात आहे. तो येईपर्यंत जागा धरून ठेवा.

तिघं वाट बघत उभे होते. एर्सीने विचारलं, काय लिहिलंय? हे यांना सांगायचं? यांना? मी म्हटलं, हा जुन्या श्रीमंतांचा उपचार आहे. भर दुपारी आत आडवं व्हायचं, डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे, वय दहा वर्षांनी उतरतं.

तिघंही आडवे झाले. व्रेत्तोसचं पोट खड्ड्याच्या कडेला घासत होतं. मी फोटो काढत राहिले. हसू आवरेना म्हणून ओठ चावत होते. शंभर झाल्यावर ते उठले, कपडे झटकले आणि एक शब्द न बोलता माझ्या शेजारून खाली होडीकडे गेले. लुकाससुद्धा. मी मागे राहून माझ्या कामासाठी रिकाम्या खड्ड्यांचा एक फोटो घेतला आणि निघाले.

१५ सप्टेंबर, समुद्रात

मोठ्या लाटा. व्रेत्तोस अनवाणी नाळेवर, यॉटच्या पुढच्या टोकाला, उभा होता, हात मागे बांधून. मळमळ नाही. लुकास सकाळपासून गप्प. माझ्या उपचाराने गुण आला असं सेवास्तीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, बाईसाहेबांनी बादलीतला कच्चा मासा काट्यांसकट खाल्ला, उभ्याउभ्या.

श्रीमंतांची नवी थेरं, मी म्हटलं.

सेवास्ती म्हणाली, उशा पिळाव्या इतक्या ओल्या आहेत, आणि वाळल्यावर त्यांवर मिठाचा पापुद्रा धरतो.

१६ सप्टेंबर, आस्तिपालेया

धक्क्याला लागलो. एर्सीने पाऊल टाकलं आणि तापल्या तव्यावर पडावं तसं मागे घेतलं. तिघंही उतरले नाहीत. डेकवरून जमिनीकडे बघत बसले. त्या बघण्यात राग नव्हता. नुसती सवय होती.

दुपारी लुकासने बंदरातल्या होड्यांकडे बोट केलं आणि काहीतरी बोलला. ‘जहाज’साठी त्याने जो शब्द वापरला तो आज कुणी बोलत नाही. हजारो वर्षांत कुणी बोललेला नाही. मी तो फक्त दगडावर वाचला आहे. त्याला स्वतःची सही धड करता येत नाही.

माझा पहिला विचार असा की हा उच्चार टिपून ठेवायला हवा. पहिला विचार हा. माणसाबद्दलचा विचार नंतर आला.

खोलीत येऊन अलिमोनीवरचे फोटो उघडून बघितले. अकरा फोटो. शेवटचा, ते तिघं होडीकडे गेल्यावरचा.

खड्डे रिकामे नाहीत.

तिघं आत आहेत. डोळे उघडे. लुकासचं तोंडही उघडं — तो मला हाक मारत होता आणि मी —

१७ सप्टेंबर, सकाळ

मानूसोसला फोटो दाखवला. मी त्याला जे बोलले होते त्याची माफी मागितली. “ते राहू द्या,” तो म्हणाला, “पहार लागेल.” सेवास्तीला धक्क्यावर उतरवलं. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

आम्ही अलिमोनीच्या दिशेने वळलो तरी त्या तिघांनी काही विचारलं नाही. डेकवर ओळीने बसून होते. कपडे ठिबकत होते.

१७ सप्टेंबर, दुपार, बेटावर

शेजारच्या शिळा आता खड्ड्यांवर झाकणासारख्या बसलेल्या आहेत. तिन्ही.

व्रेत्तोसचा नंबर लावला. समोरच्या बेटावरच्या टॉवरची रेंज इथे येते. फोन शिळेखाली वाजला. वाजत राहिला. मानूसोसने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पहार घातली.

व्रेत्तोस मेला होता. नखं नव्हती. माझ्या सांगण्यावरून तो तिथे झोपला होता.

खाली यॉटवर बसलेला व्रेत्तोस उठला, आळस दिला आणि आत गेला. घराची कागदपत्रं हातात पडलेल्या माणसासारखा.

मग एर्सी. शिळा चार बोटं सरकली आणि तिचा हात बाहेर आला. गरम हात. जिवंत. तिला उठवताना माझ्या लक्षात आलं की हिचं वजन काहीच नाही. तिने पाणी मागितलं. मग पाव मागितला. मग म्हणाली, “माझा भाऊ अजून बोलतोय, ऐका.” तीन दिवस तो शेजारून तिच्याशी बोलत होता. झोपू नको म्हणून. सगळ्या जुन्या चहाड्या, शाळेतल्या फजित्या, माझ्या नकला. त्यामुळे ती जगली.

काहीही न करणारा लुकास.

त्याच क्षणी डेकवरची एर्सी नाहीशी झाली. तिचे कपडे खुर्चीवर होते.

थोड्या वेळाने

लुकासची शिळा सर्वांत जड. पहार वाकली. एर्सीला चालता येत नाही. मानूसोस तिला पाठीवर घेऊन होडीकडे गेला आहे, पलीकडे एक मासेमारी बोट दिसते, तिला हाक घालून माणसं आणि दुसरी पहार आणतो म्हणाला. मला चला म्हणाला. मी नाही म्हटलं. लुकासला एकटं ठेवलं तर तो झोपेल.

म्हणून लिहिते आहे आणि लिहिलेलं मोठ्याने वाचते आहे. फटीतून तो ऐकतो. डिलोसचं वाचलं तेव्हा खोकत हसला. राणीचं खोटं होतं हे त्याला तेव्हाच कळलं होतं म्हणे. “पण तुम्ही पहिल्यांदाच खुशीत दिसलात, मास्तरीणबाई.”

त्याला लेखाचा खरा अर्थ सांगितला. मग म्हणाला, बिचारे.

हे त्याला सुचलं. मला पंचवीस वर्षांत —

ऊन कडक. वारा पडलाय.

सपाटीच्या कडेला ओलं पाऊल उमटलंय. एकच. बाईचं. भोवती कुणी नाही. दगड तापलेला आहे तरी वाळत नाही.

दुसरं उमटलं.

एर्सीचा खड्डा उघडा आहे. त्या दुसऱ्या एर्सीला तो हवा असेल. जाऊ दे, घेऊ दे, तिचाच आहे —

तिकडे वळली नाहीत. पावलं खड्ड्याशेजारून इकडे येताहेत. रिकामा खड्डा तिला पुरत नाही. तिला त्यात कुणीतरी —

मानूसोसची होडी अजून लांब आहे. पळाले तर खालची वाट मोकळी आहे.

लुकास विचारतोय, वाचायच्या थांबलात का? तुम्ही आहात ना?

आहे म्हटलं. इथेच आहे. एक हात शिळेखाली घालते आहे, वही गुडघ्यावर. बोटभर हलली. परत हलली. तो आतून ढकलतोय.

मिठाचा वास. माझ्या पाठीला गार

लुकास, जोर लाव, आता —