तेवीस कोऱ्या मतपत्रिका

तांडा, ता. उमरखेड
४ एप्रिल १९६५

प्रिय सुखी,

त्या दिवशी सकाळी झिऱ्यावर आपण दोघीच होतो. ओढा आटला होता. वाळूत कमरेइतका खड्डा केला होता. तू आत उतरून करवंटीनं पाणी घागरीत ओतत होतीस आणि भरलेली घागर मी वर ओढून घेत होते. घरी शेण काढून झालं होतं, ज्वारी दळून झाली होती, चुलीवर आंबील शिजत ठेवून मी आले होते आणि ती करपेल म्हणून मला घाई होती. तुला कधीच घाई नसायची. पाणी झिरपेस्तोवर तू आत बसून बोलत राहायचीस. “मी मेंबर झाली का पयले तांड्यात इहीर खोदीन,” तू म्हणालीस. “मंग ह्या वाळूत बेडकावानी कोन बसते ते पाहू.” मी हसले. तेवढ्यात वर रस्त्यावरून अनंत गुरुजींनी हाक मारली आणि मी घागर तशीच ठेवून वर गेले. त्यांनी मला घडी घातलेला एक कागद दिला. मी परत आले तेव्हा तू खड्ड्यातून मान वर करून विचारलंस, “काय म्हनत होता व मास्तर?” मी म्हणाले, “काही नाही. माझ्यासाठी जुनं पुस्तक पाहून ठेवलं म्हने.”

तुला ही सकाळ आठवत नसेल. चार वर्षं झाली, आणि अशा सकाळी आपण हजार काढल्या. मी मात्र रोज तिथंच जाते, त्याच वाळूत, म्हणून मला आठवते.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमननं माझ्या नावाचं कार्ड दिलं तेव्हा मला वाटलं तुझ्या नेमसिंगनं लिहिलं असेल, तुझी तब्येत बरी नसेल. उलटून पाहिलं तर पेन्सिलीची मोठी मोठी अक्षरं, एकेक ओळ डोंगर चढल्यासारखी वर गेलेली. खाली ‘सुखीबाई’. मी दारातच बसले. वणीला गेल्यावर तुझ्या गुडघ्यांचं काय झालं, सून कशी वागवते, हे सगळं मला नेमसिंगच्या पत्रांतून कळत होतं, पण तू रात्रीच्या वर्गाला बसतेस हे त्यानं कधी लिहिलं नव्हतं. पन्नाशी गाठताना तू पाटी धरलीस. तू लिहिलंस की वर्गात बाई विचारतात, कुणाला पाहून शिकावंसं वाटलं, तर तू माझं नाव सांगितलंस. ‘मानीचे माझ्यावर लई उपकार आहेत.’ उपकार हा शब्द तू दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलास. तो वाचून मला बसवेना.

मी वाचायला का शिकले ते तुला माहीत आहे. तरी आज लिहिते, कारण पुढचं त्यावाचून नीट सांगता येणार नाही. भीमसिंग चांद्याच्या जंगलात बांबू तोडायला गेले होते. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं त्यांचं कार्ड आलं. तांड्यात वाचणारं कुणी नव्हतं. तांड्याचे नाईक लालसिंग म्हणाले, बाजाराच्या दिवशी उमरखेडला नेऊन वाचून आणू. चार दिवस ते कार्ड माझ्या देवळीत, दिव्याशेजारी उभं होतं. मी त्याला रोज पाहायची, नवऱ्याचं आहे म्हणून एकदा हातही जोडले. बाजारात दुकानदारानं वाचलं: ताप उतरत नाही, घेऊन जा. तू माझ्यासोबत निघालीस, अंगावरचं लुगडं तेवढं घेऊन. आपण पोचलो तेव्हा त्यांना माती देऊन दोन दिवस झाले होते. परतताना वणीच्या मोटारस्टँडवर तू मला जबरदस्तीनं चहा पाजलास. त्या कार्डातला शब्द न् शब्द मला पाठ झाला होता, म्हणून त्यावरूनच मी अक्षरं ओळखली. ताप मधला ता, जा मधला जा. नंतर गुळाच्या पुड्यांचे कागद, नंतर गुरुजींकडची फाटकी पुस्तकं. तांड्यात पुन्हा कुणाचं कार्ड देवळीत पडून राहू नये, एवढंच मनात होतं. आणि खरंच, त्यानंतर कुणाचं राहिलं नाही. ज्याचं पत्र आलं त्याला मी त्याच दिवशी वाचून दाखवलं. कुणाच्या पत्रातली गोष्ट दुसऱ्याला सांगितली नाही. तुलासुद्धा नाही.

म्हणूनच नाईकांच्या ओट्यावरची ती बैठक माझ्या मनाला लागली. नवं राज्य झालं होतं, पुड्यांच्या कागदांवर रोज नवी बातमी असायची, की आता कारभार गावातल्या माणसांच्या हाती येणार, पंचायतीत बायकांनाही जागा आहेत. मी ते वाचून तुम्हा सगळ्यांना सांगायची. खोटं कशाला लिहू, मला वाटलं होतं की तांड्यातर्फे माझं नाव निघेल. लालसिंग नाईकांनीच काढलं. तर धनीबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, “नोको माय! मानीले साऱ्याइच्या चिठ्ठ्या माहीत. कोनाचा जावई पयाला, कोनाच्या पोरानं पैसे नाही धाडले. उद्या पंचायतीत बसून बोलली म्हंजे?” सगळे हसले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू काही बोलशील आणि हे थांबेल असं वाटलं. तू पण हसलीस, सुखी. म्हणालीस, “हौ ना, तिच्या पोटात तर साऱ्या तांड्याचं पोस्ट हाय!” त्यावर आणखी मोठा हशा झाला आणि त्याच हशात कुणीतरी तुझं नाव घेतलं. तुझ्या मनात काही नव्हतं. तू मारुतीच्या पारावरसुद्धा अशीच बोलायचीस. हे मला तेव्हाही कळत होतं. संध्याकाळी तू माझ्या घरी येऊन म्हणालीस, “मले काही येत नाही व. तू संगं राहशीन ना?” मी हो म्हणाले.

गुरुजींनी झिऱ्यावर दिलेला कागद म्हणजे मतपत्रिकेचा नमुना होता. त्यावर दोन चित्रं होती, तुझी गाडी आणि गावातल्या बबनराव पाटलांच्या वच्छलाबाईचा दिवा. गुरुजी म्हणाले, “मानीबाई, मागच्या वेळी चित्र पाहून वेगवेगळ्या पेट्यांत कागद टाकला, तसं यंदा नाही. पेटी एकच. आधी आपल्या चित्रावर शिक्का मारायचा, मग घडी करून टाकायचा. कोरा टाकला तर मत वाया. पुरुषांना मी गावात सांगतो. बायका माझ्यापुढं घुंगट ओढून भिंतीकडं तोंड करतात, त्यांना तुम्हीच सांगा. सुखीबाईंनाही.” मी म्हणाले, सांगते. लालसिंग नाईकांनीही ओट्यावर सांगून टाकलं, “बायकाइचं मानी पाहून घेईन,” आणि पुरुषांची काळजी मिटली.

मी तो कागद पिठाच्या डब्यात ठेवला. आज सांगू, उद्या सांगू, असं रोज वाटायचं. कुणी विचारलं की सांगेन, असंही मी स्वतःला म्हणायची. मतदानाच्या आदल्या दिवशी सांजेला बायका माझ्या अंगणात आल्या. तूही होतीस, मागं बाजेवर, पायाला तेल लावत. धनीबाईनंच विचारलं, “यंदा कसं टाकाचं व मानी?” मी ज्वारी पाखडत होते. सूप न थांबवता म्हणाले, “यंदा पेटी एकच हाय. तिच्यात कागद टाकाचा.” धनीबाई म्हणाली, “बस? मंग तर सोपं हाय.” मी पाखडत राहिले. जे बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शिक्क्याचं तेवढं बोलले नाही. तू म्हणालीस, “पाहा, मानी हाय म्हनून आपल्याले समजते.”

मला तुला पाडायचं होतं का? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे. पडावीस असं वाटलं नव्हतं. एक-दोघी चुकतील, थोडी फजिती होईल, मग तू धावत येऊन म्हणशील, मानी, तुझ्याविना कसं होणार होतं, एवढंच मनात असावं. तेवढंच होतं म्हटलं तरी काय फरक पडतो.

मतदानाच्या दिवशी शाळेत काय झालं ते तू पाहिलंस. आतले साहेब भराभर काहीतरी सांगत होते, बायका घुंगटात, कुणाला ऐकू जात होतं कुणास ठाऊक. हातात शिक्का दिला तर धनीबाईनं तो मनगटावर मारून घेतला, बाजाराच्या फाटकावर मारतात तसा, आणि बाहेर येऊन सगळ्यांना मनगट दाखवलं. त्यावर तांडा महिनाभर हसला. मी आत गेले, गाडीवर शिक्का मारला, नीट घडी केली. माझं मत तुलाच पडलं, सुखी. तांड्यातल्या बायकांपैकी माझं एकटीचंच.

तू अकरा मतांनी पडलीस. कोऱ्या निघाल्या तेवीस. त्या तेविसांत एक तुझी स्वतःची होती. तू त्या संध्याकाळी माझ्या दारात येऊन बोटं मोडत म्हणालीस, “मी तं माह्या गाडीले हातच नाही लावला व, मानी,” आणि हसता हसता रडलीस. बायका ओशाळल्या होत्या. तू त्यांनाच धीर दिलास, “माहीच चूक. मीच इचारून घ्याले पायजे होतं.” कुणीतरी म्हणालं, मानीनं काहून नाही सांगितलं? तर तूच तिच्यावर खेकसलीस, “तिलेबी कोठं माहीत होतं? माहीत असतं तं सांगितलं नसतं का तिनं?” मी पिठाच्या डब्याशेजारी उभी होते.

विहीर गावात झाली. वच्छलाबाईंना दोष देत नाही, त्यांनी आपल्या वस्तीचं पाहिलं. तुझ्या गुडघ्यांनी पुढचे दोन उन्हाळे झिऱ्यात काढले आणि मग नेमसिंग येऊन तुला घेऊन गेला. मोटारीत बसताना तू मला तुझी पितळेची घागर दिलीस. मी ती रोज भरते. नंतरच्या मोठ्या निवडणुकीत सगळ्या शिक्का मारायला शिकल्या. साहेबांनीच दोनदा समजावलं. मला कुणी काही विचारलं नाही. अजूनही सगळ्यांची पत्रं माझ्याकडेच येतात. अजूनही म्हणतात, मानीवर डोळे मिटून भरवसा ठेवावा. आता धनीबाईही म्हणते. ज्या बाईनं नवऱ्याचा न वाचलेला कागद चार दिवस देवळीत पाहिला, तिनंच दुसऱ्यांचा कागद पिठात पुरला, हे धनीबाईच्या डोळ्यांसमोर कसं येणार?

इतकी वर्षं तुला का लिहिलं नाही, तर माझ्याकडे एक चांगलं कारण होतं. तुझी पत्रं नेमसिंग वाचायचा. मुलाच्या तोंडून तुला हे ऐकवावं लागलं असतं, ते बरं नव्हे, असं म्हणून मी झोपायची. आता तू स्वतः वाचतेस. हे कारण तूच काढून घेतलंस.

आणि तुझ्या कार्डाची शेवटची ओळ: ‘यंदा पंचायतीला तू उभी राहा. मी नाईकाला निरोप धाडला.’ लालसिंग नाईक त्याच संध्याकाळी आले. यंदा सगळ्यांचं एकमत आहे म्हणाले. दिल्लीत नवे आले, मुंबईत नवे आले, आपल्यातूनही एक नवं, शिकलेलं माणूस जाऊ दे, समोर कुणी उभंही राहणार नाही. बाहेर धनीबाई उभी होती, हसत होती. चार वर्षांपूर्वी मला हेच हवं होतं. मी नाईकांना म्हणाले, उद्या सांगते. मतदारांची यादी शाळेत लावली आहे, ती जाऊन पाहिली. तुझं नाव अजून इथंच आहे, एकशे बारावं, म्हणजे उभं राहायला तुलाही चालतं. अर्ज भरायला पंधरवडा आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही, यादीत काय आहे ते फक्त सांगते. यायचं नसेल, किंवा माझं तोंड पाहायचं नसेल, तर तसं दोन ओळी लिही. तुझं अक्षर मला लागतं.

नाईक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातून तो नमुन्याचा कागद काढला, पीठ झटकलं आणि झिऱ्यावर गेले. सगळ्या बायका येईस्तोवर थांबले. मग तो कागद त्यांना वाचून दाखवला, आणि तो माझ्याकडे कधी आला होता तेही सांगितलं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
मानी