बाबांचा आंतरराष्ट्रीय परवाना

रविवार संध्याकाळ, रीडिंग, इंग्लंड

१. स्पेनमध्ये गाडी चालवायची म्हणून बाबा पुण्याहून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आले.
२. भाड्याच्या गाडीसाठी चालक म्हणून मी फक्त माझं नाव दिलं.
३. त्यांना सांगितलं, "तिथे सत्तरीपुढे चालवू देत नाहीत."

असा नियम नव्हता. मलाच भीती वाटली. टोलेडो ते सेगोव्हिया, घाटभर, शेजारी बसून ते प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबत होते.

आज फोनवर मित्राला म्हणाले, "अरे, नियम म्हणजे नियम! पोरगी एकदम कडक आहे माझी." अभिमानाने. तो ब्रेक शोधणारा पाय डोळ्यांपुढून जातच नाही.

ते खालीच बसलेत, तरी मी मेसेजच पाठवला. समोर बोलायला काय होतं मला?

'बाबा, मी खोटं बोलले. पुढच्या वेल्सच्या सहलीत भाड्याच्या गाडीसाठी तुमचंही नाव देऊ का? शुक्रवारपर्यंत कळवा.'