झिजेच्या खुणा

८ जानेवारी

आज रुजू झाले. खोली मनासारखी मिळाली आहे. मोठी खिडकी, नकाशे ठेवायचं सपाट खणांचं कपाट, नि एक जुनी लाकडी हातांची खुर्ची. खुर्ची विभागाच्या संग्रहातली. कुणी घडवली ते ठाऊक नाही, पण पाठीचा बाक असा की बसताक्षणी अंग सैल पडतं. विभागप्रमुख बाईंनी बजावलं की आपल्याकडे वस्तू काचेत ठेवायची पद्धत नाही, वस्तू वापरातच राहिली पाहिजे. तेव्हा बसायचं ते हिच्यावरच. या खोलीतली बाई दरवर्षी एका वर्षाने लहान होते, असंही म्हणाल्या नि स्वतःच हसल्या.

चिऊ परीक्षा संपेपर्यंत ताईकडे. फोन ठेवताना तिने नेहमीचं विचारलं, आई, दात घासलेस? मीही नेहमीचंच म्हटलं, घासले, तुझेसुद्धा. तिचा बाबा असताना हे तिघांत चालायचं.

तो गेल्यापासून मी कामं नीट करते. बाकी आत काही हलत नाही.

२१ जानेवारी

डिझाइनच्या इतिहासाचा पहिला धडा मी पुस्तकातून देत नाही. एक वस्तू मधे ठेवायची, तिची झीज बघायची नि ती कुणी वापरली ते सांगायचं. आज माझीच खुर्ची उचलून वर्गात नेली.

मुलं हुशार आहेत. खुर्चीच्या उजव्या हाताचं टोक गुळगुळीत झालंय, म्हणजे या बाईचा गुडघा दुखतो, उठताना ती तिथे भार देते. डाव्या हातावर बारीक चरे आहेत, म्हणजे विचार करताना ती अंगठी आपटते. मागून एकीने पुस्ती जोडली की मॅडम, ती बाई आत्ताही आपटतेय. सगळा वर्ग हसला. मीही हसले नि हात खाली घेतला.

इतक्या थोड्या दिवसांत लाकूड असं झिजत नाही. आधीच्या बाईंनाही अंगठी असणार.

२ फेब्रुवारी

गुडघा दुखायचा थांबला. जिने सरसर चढते. विभागप्रमुख म्हणाल्या, इथली हवा तुम्हाला मानवली. मनगटावरचा कुकरचा जुना डागही दिसेनासा झालाय.

खुर्चीच्या हातावर एक काळपट डाग आहे. कुणीतरी गरम कप ठेवला असेल.

संध्याकाळी तिच्यात बसून बाबाचा, म्हणजे चिऊच्या बाबाचा, शेवटचा आठवडा आठवून पाहिला. दुखलं नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. कारकून म्हणाला, मॅडम, भांडी घासून घासून ठसे गेले असतील, मदतीला कुणी ठेवा. फोनही बोट ओळखत नाही.

भिंग घेऊन बोटं बघितली. कोऱ्या कागदासारखी. मग तेच भिंग खुर्चीच्या हातावर धरलं. तिथे रेषा आहेत. बारीक, गोलाकार, एकात एक. लाकडाचे तंतू असे नसतात, हे मीच मुलांना शिकवते.

घाबरायला हवं होतं. मी भिंग पुसून जागेवर ठेवलं.

१७ फेब्रुवारी

अंघोळ करताना हात पोटावरून फिरला. चिऊच्या वेळचा व्रण नाही. पोट सपाट, सारखं, कुणाचंही असावं तसं. खोलीत येऊन पाहिलं तर खुर्चीच्या बैठकीवर एक आडवी चीर. वीतभर. कडा शिवल्यासारख्या.

उद्याच्या तासाची चित्रं लावून ठेवली.

चिऊचा फोन आला. शेवटी तिने दातांचं काहीतरी विचारलं. त्यावर मी काहीतरी म्हणायचं असतं. तिला वाटलं मी गंमत करते. मग तिने फोन ताईकडे दिला.

१९ फेब्रुवारी

दुसरी खुर्ची मागितली. विभागप्रमुख शांतपणे म्हणाल्या की आधीच्या बाईंनीही पहिल्या वर्षी मागितली होती, पुढे मागायच्या थांबल्या. निवृत्तीनंतर एकदा इथे आल्या होत्या. त्यांनी कुणाला ओळखलं नाही. विभागप्रमुखांनीही त्यांना फक्त आवाजावरून ओळखलं. पण चेहरा काय छान होता, म्हणाल्या, एक सुरकुती नाही.

स्टुलावर बसून काम केलं. दुपारी तो आठवला. इस्पितळातला त्याचा थंड पाय, मोजा चढवताना. इतकं दुखलं की श्वास घेता येईना. म्हणून उठले नि फक्त थोडा वेळ —

थोडा वेळच बसायचं होतं.

आता कळतंय. दुखणं तिथे जातं, पण ते एकटं जात नाही. चिऊ त्यालाच चिकटलेली आहे.

२२ फेब्रुवारी

शनिवारी ताई तिला घेऊन सरळ विभागात येणार. येऊ नका म्हणायला फोन लावला. नंबर आठवला. कशासाठी लावला ते —

चिऊला या खुर्चीत बसू द्यायचं नाही. चिऊला या खुर्चीत बसू द्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी

छान ऊन आहे. अंगठी सैल होऊन पडली. कुणाची असेल. खणात ठेवली.

बसलं की काही लागत नाही. कुठेच —

शनिवार

मागच्या पानावर कुणीतरी एकच ओळ दोनदा लिहिली आहे. अक्षर ओळखीचं नाही. चिऊ कोण ते —

दारात एक मुलगी. पाठीवर दप्तर. माझ्याकडे बघून हसली, मग हसणं अर्ध्यावर राहिलं. मागची बाई तोंडावर हात धरून उभी. मुलगी विचारते, आई, दात घासलेस? मजेशीर आहे.

कोपर खरचटलेलं. हनुवटीवर जुना टाका. नखं कुरतडलेली. एवढीशी, नि किती खुणा.

दमलेली दिसते. मी खुर्चीतून उठले आहे, उभ्यानेच लिहिते. तिला म्हटलं, ये, इथे ब —